४१५७०९ची झडती

महाराष्ट्रात खेड नावाचे दोन तालुके आहेत. एक रत्नागिरी जिल्ह्यात, जगबुडीच्या काठी, मुंबई-गोवा महामार्गावर. दुसरा पुणे जिल्ह्यात, भीमेच्या काठी. त्याच्या मुख्य गावाला आता राजगुरुनगर म्हणतात, पण तालुक्याचे नाव खेडच राहिले. पाकिटावर नुसते ‘मु. पो. खेड’ लिहिले तर टपाल खात्याने काय समजायचे? एकाच नावाची गावे, निरनिराळ्या लिप्या, कोंबडीचे पाय काढल्यासारखे अक्षर, या सगळ्यावर तोड म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन कोड सुरू झाला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकरांची. ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतचे पंडित व कवीही होते.

या सहा अंकांत पहिला अंक विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरतो, आणि शेवटचे तीन अंक टपाल वाटणारे कार्यालय सांगतात. रत्नागिरीतल्या खेडचा पिन ४१५७०९. यातला ४१५ सह्याद्रीच्या पलीकडच्या साताऱ्यालाही आहे, साताऱ्याचा पिन ४१५००१. पुण्याकडच्या खेडचा पिन ४१०५०५.

संख्यांवर लिहिणारे लोक सहसा आधीच नावाजलेली संख्या निवडतात. रामानुजनांची १७२९ तर इतक्यांदा सांगून झाली आहे की तिला आता विश्रांती द्यावी. या प्रकरणात मी मुद्दाम ४१५७०९ घेतली, कारण ती कुणा गणित्याने निवडलेली नाही. ती टपाल कार्यालयांच्या यादीत अनुक्रमाने आली आणि खेडच्या वाट्याला गेली. अशा भटक्या संख्येला गणिताच्या चौकीवर उभे केले तर ती स्वतःबद्दल किती बोलते, ते पाहू. संख्यासिद्धांतातल्या लोकांना सहा अंक म्हणजे किरकोळ वाटतील. पण पाढ्यांच्या आवाक्याबाहेरची, कागद-पेन्सिलीने झटापट करायला लावणारी संख्या आपल्यासाठी पुरेशी मोठी.

पहिला प्रश्न नेहमीचाच: ही मूळ संख्या आहे का? सहा अंकी संख्या एकूण ९ लाख. त्यांतल्या मूळ संख्या ६८,९०६. म्हणजे साधारण तेरांत एक. ४१५७०९ विषम आहे, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज २६ असल्याने ३ने भाग जात नाही. वरवरच्या तपासणीतून ती सुटते आणि मूळ असण्याची आशा वाढते.

इथे पिनची टपाली रचनाच मदतीला येते. ७ × ११ × १३ = १००१, हे लक्षात ठेवा. सहा अंकी संख्या मधोमध तोडली की ४१५ हजार आणि ७०९ असे दोन तुकडे होतात. ४१५ हजार म्हणजे ४१५ × १००१ मधून ४१५ वजा. म्हणून

४१५७०९ = ४१५ × १००१ + (७०९ − ४१५).

पहिल्या भागाला ७, ११ आणि १३ या तिन्हींनी भाग जातोच. निकाल उरलेल्या वजाबाकीवर. ७०९ − ४१५ = २९४, आणि २९४ म्हणजे ७ × ४२. तिला ११ने भाग जात नाही, १३नेही नाही. म्हणजे कार्यालयाच्या आकड्यातून जिल्ह्याचा आकडा वजा केला आणि ७ हाती आला:

४१५७०९ = ७ × ५९३८७.

मूळ असण्याची आशा संपली. आता ५९३८७चे काय? तिचे वर्गमूळ २४३च्या थोडे पुढे आहे. त्यामुळे २पासून २४१पर्यंतच्या ५३ मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. त्याहून मोठ्या विभाजकाचा जोडीदार लहानच असणार, आणि तो आधीच सापडला असता. मी हे हाताने केले. २३ने भागल्यावर १ उरतो, १०१ने भागताना १ कमी पडतो, १०७ने भागल्यावर २ उरतात. अगदी काठावर येऊन हुकते, पण पूर्ण भाग कुणाचाच जात नाही. ५९३८७ मूळ आहे. म्हणजे खेडचा पिन नेमक्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. अशा संख्यांना सेमीप्राइम म्हणतात, आणि आजच्या जगात त्यांची किंमत मोठी आहे. १९७७मध्ये रिव्हेस्ट, शमिर आणि ॲडलमन या तिघांनी अशा गुणाकारावर गुप्तलेखनाची पद्धत उभी केली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा आणि मूळ जोडी आपल्यापाशी ठेवायची. गुणाकार चुटकीसरशी होतो, पण तो उलटा सोडवायला जन्म पुरत नाही. आज वापरात असलेल्या अशा संख्या सहाशेहून अधिक अंकी असतात. यात एक गंमत आहे. संख्या मूळ आहे की नाही एवढेच सांगायचे तर ते झटपट सांगता येते. त्याची खात्रीशीर आणि वेगवान पद्धत २००२मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. पण मूळ नसेल तर तिचे तुकडे कोणते, हा प्रश्न अजून तसाच अवघड आहे. खेडच्या पिनचे कुलूप मात्र फारच तकलादू, एक बाजू ७ची असल्यावर दुसरे काय होणार.

तुकडे पाडण्याची आणखी एक जुनी रीत आहे. नारायण पंडितांनी १३५६ साली ‘गणितकौमुदी’ हा ग्रंथ लिहिला. त्यात विभाजक शोधण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून मांडता आली की तिचे विभाजक उघडे पडतात, ही युक्ती त्यात येते. युरोपात ती सतराव्या शतकातल्या फर्माच्या नावाने चालते. आपल्या संख्येवर ती लावून पाहू. ४१५७०९च्या लगेच वरचा वर्ग ६४५चा, म्हणजे ४१६०२५. फरक ३१६, हा वर्ग नाही. पुढे ६४६चा वर्ग ४१७३१६, फरक १६०७. चाळीसचा वर्ग १६००, पुन्हा सातनेच चुकामूक! आता हुरूप येतो आणि माणूस पुढे जात राहतो. उत्तर आहे

२९६९७² − २९६९०² = ४१५७०९,

पण तिथे पोचायला ६४५पासून एकेक करत २९,०५३ वर्ग तपासावे लागतात. ही रीत दोन्ही विभाजक एकमेकांच्या जवळ असतील तेव्हा चमत्कार करते. ७ आणि ५९३८७ यांच्यासारखी विजोड जोडी असली की तिचा जीव जातो. म्हणूनच गुप्तलेखनाच्या मूळ संख्या निवडताना दोन्ही बाजूंची खबरदारी घेतात. एकही लहान नको, आणि दोन्ही एकमेकींना फार चिकटलेल्या नकोत.

वर्गांची वजाबाकी झाली, बेरीज होईल का? नाही. ४ने भागल्यावर ७ आणि ५९३८७ दोघांचीही बाकी ३ उरते, आणि अशी मूळ संख्या विभाजकांत एकदाच (किंवा तीनदा, पाचदा) आली की ती संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज कधीच होत नाही. ते दार बंद.

ग्रीकांची वर्गवारी अधिक चवदार आहे. संख्येचे स्वतःखेरीज सगळे विभाजक घ्या आणि बेरीज करा. बेरीज संख्येइतकीच आली तर ती परिपूर्ण, कमी आली तर न्यून, जास्त आली तर विपुल. ४१५७०९च्या बाबतीत विभाजक तीनच: १, ७ आणि ५९३८७. बेरीज ५९,३९५. संख्येच्या जेमतेम सातव्या हिश्शाइतकी. म्हणजे खेड न्यून. आता शेजारी बघा. दापोलीला जाणारे लोक कोकण रेल्वेने खेडलाच उतरतात, आणि दापोलीचा पिनही फक्त तीनने पुढे आहे, ४१५७१२. वरची युक्ती लावली तर ७१२ − ४१५ = २९७, म्हणजे ११ × २७. इथे ११ सापडला. पूर्ण तुकडे पाडले तर २ पाच वेळा, मग ११ आणि ११८१. विभाजक चोवीस. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज ४,७७,८८०, म्हणजे संख्येपेक्षाही बासष्ट हजारांनी जास्त. दापोली विपुल! चिपळूणचा ४१५६०५ म्हणजे ३ × ५ × १०३ × २६९. तुकडे चार असूनही तो न्यूनच राहतो, कारण त्याच्याकडे २सारखे लहान विभाजक पुरेसे नाहीत. परिपूर्णपण तर कुठल्याच गावाच्या नशिबी नाही. परिपूर्ण संख्या ६, २८, ४९६, ८१२८ अशा जातात आणि त्यानंतरची एकदम ३,३५,५०,३३६, आठ अंकी. सहा अंकांत एकही नाही.

आतापर्यंतचे सगळे प्रश्न जगभरचे. पण संख्यांच्या जाती पाडण्याचा एक अस्सल मराठी कारखानाही होऊन गेला, आणि त्याची एक वाट खेड तालुक्यातून निघते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८चा, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. स्त्रीशिक्षणाच्या कामामुळे आपण त्यांना ओळखतो, पण त्यांचा पेशा गणिताच्या प्राध्यापकाचा होता. १८९१पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. त्यांच्याच नात्यातले, दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक १९२७ साली फर्ग्युसनच्याच एका विद्यार्थ्याला मिळाले. त्याचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १९०५चा, डहाणूचा. १९३०पासून १९६२पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. कुठल्याही विद्यापीठाची खुर्ची नाही, मोठी पदवी नाही. संख्यांशी खेळणे हेच व्यसन. जे सापडेल ते छोट्या पुस्तिकांत स्वतःच छापायचे. इथल्या बऱ्याच प्राध्यापकांनी त्यांना गंभीरपणे घेतले नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९७५मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि मग जगाला देवळाली कळली.

कापरेकरांची एक जात हर्षद. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती संख्या हर्षद. आपल्या संख्येची बेरीज ४ + १ + ५ + ७ + ० + ९ = २६. विषम संख्येला २६ने भाग जाणे शक्यच नाही. रत्नागिरीचे खेड हर्षद नाही. पुण्याकडच्या खेडचे बघा: ४१०५०५, बेरीज १५, आणि १५ × २७३६७ = ४१०५०५. पुण्याचे खेड हर्षद निघाले. चिपळूणकरांनी हुरळून जाऊ नये, त्यांची बेरीज २१ आहे आणि तिने भाग जात नाही.

इथे थोडे थांबायला हवे, कारण ही जात आधीच्या जातींसारखी नाही. ४१५७०९ = ७ × ५९३८७ हे दहाच्या पायावर मोजा, बाराच्या मोजा की नुसते खडे मांडा, खरेच राहते. हर्षदपण मात्र लिहिण्याच्या पद्धतीवर उभे आहे. डझनांच्या हिशेबात, म्हणजे बाराच्या पायावर, ४१०५०५ ही संख्या १-७-९-६-८-९ अशी लिहिली जाते. बेरीज ४०. विषम संख्येला ४०ने भाग कसा जाणार? माणसाला बारा बोटे असती तर पुण्याच्या खेडचा हर्ष मावळला असता. इंग्लंडचे जी. एच. हार्डी यांनी १९४०च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’त अंकांच्या अशा करामतींची जागा वर्तमानपत्रांच्या कोड्यांत आहे, असेच सुचवले होते. कापरेकरांच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेमागे हाच विचार दिसतो. मला तो अर्धाच पटतो. हर्षद खोल नाही, हे कबूल. पण या खेळांत शिरले की दहाला नऊने भागल्यावर १ उरतो ही साधी गोष्ट किती दूरवर पोचते ते दिसते, आणि ती गोष्ट काही कोड्यापुरती नाही.

तिची ताकद कापरेकर संख्यांत दिसते. संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, तुकड्यांची बेरीज पुन्हा तीच संख्या आली तर ती कापरेकर संख्या. ४५चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. सहा अंकांत १४२८५७ ही अशी आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. आपल्या खेडची चाचणी घ्यायला वर्ग करायचीही गरज नाही. दहाच्या प्रत्येक घाताची नवाने भागून बाकी १, म्हणून वर्गाचे तुकडे करून बेरीज केली तरी नऊची बाकी तीच राहते. म्हणजे कापरेकर संख्येची आणि तिच्या वर्गाची नऊची बाकी सारखी हवी, आणि हे बाकी ० किंवा १ असेल तेव्हाच जमते. ४१५७०९ची बाकी ८, वर्गाची बाकी ६४ची, म्हणजे १. बाद. ज्यांना खात्री हवी त्यांच्यासाठी: वर्ग १७२८१३९७२६८१, तुकड्यांची बेरीज ११,४५,४९४.

मला सर्वांत आवडते ती स्वयंभू संख्यांची कल्पना. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. २३ + ५ = २८, म्हणून २८चा जनक २३. पण काही संख्यांना जनकच नसतो. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ या तशा. या स्वयंभू. कापरेकर त्यांना देवळाली संख्याही म्हणत. खेड स्वयंभू आहे का? जनक असलाच तर तो ४१५७०९च्या मागे जास्तीत जास्त ५४ घरांवर असणार, कारण सहा अंकांची बेरीज त्याहून मोठी होत नाही. पुन्हा नऊची बाकी लावली तर चोपन्न घरांतली सहाच उरतात. त्यांत ४१५६७८ सापडते: बेरीज ३१, आणि ४१५६७८ + ३१ = ४१५७०९. दुसरा जनक नाही. खेड स्वयंभू नाही, पण त्याचे कूळ स्वच्छ लागते. मागे जात राहू. ४१५६७८चा जनक ४१५६४९, त्याचा ४१५६३०. आणि इथे वंशवेल फुटते. ४१५६०७ + २३ = ४१५६३०, आणि ४१५५९८ + ३२ हेसुद्धा ४१५६३०! एका संख्येला दोन जनक. अशांना कापरेकर जंक्शन संख्या म्हणत. सर्वांत लहान जंक्शन १०१, तिथे ९१ आणि १०० दोघेही येऊन मिळतात. खेडच्या अंगणात जंक्शन नाही, पण तीन पिढ्या मागे आहे.

आता कापरेकरांची सर्वांत गाजलेली क्रिया. त्यांनी ती १९४९मध्ये मद्रासच्या परिषदेत सांगितली. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लहान करा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. सहा अंकांत अशी एक जागा नाही. तिथे थांबे दोन आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि त्यांच्याखेरीज सात संख्यांचे एक रिंगण आहे. त्यात शिरलेली संख्या बाहेर पडत नाही.

खेडचा पिन सोडून पाहू.

९७५४१० − ०१४५७९ = ९६०८३१
९८६३१० − ०१३६८९ = ९७२६२१
९७६२२१ − १२२६७९ = ८५३५४२
८५५४३२ − २३४५५८ = ६२०८७४
८७६४२० − ०२४६७८ = ८५१७४२

आणि ८५१७४२ रिंगणातली आहे. पुढे ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि परत ८५१७४२. पुण्याचे हर्षद खेड चार वजाबाक्यांत ८६०८३२च्या दाराने याच रिंगणात येते. चिपळूण सात वजाबाक्या घेते, पण शेवटी तिथेच. दापोलीचीही तीच गत, रत्नागिरी शहराचा ४१५६१२ही अपवाद नाही. बहुसंख्य सहा अंकी संख्यांचे हेच होते, त्यामुळे यात नवल नाही. नवल वेगळेच आहे. खेडहून महामार्गाने चिपळूणकडे निघाले की खेड तालुक्यातच लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत लागते. तिचा पिन ४१५७२२. अंक उतरते लावा, चढते लावा, वजा करा: ७५४२२१ − १२२४५७ = ६३१७६४. पहिल्याच वजाबाकीत थांबा.